विद्यापीठांची आद्याक्षरनामे

विद्यापीठाच्या अधिकृत नावातील प्रमुख शब्दांची पहिली अक्षरे जोडून तयार होणारी आणि बोलण्या-लिहिण्यात पूर्ण नावाची जागा घेणारी संक्षिप्त नावे. ‘एम.आय.टी.’, ‘एल.एस.ई.’, ‘बी.एच.यू.’, ‘जे.एन.यू.’, ‘एस.एन.डी.टी.’ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कागदोपत्री बहुतेक संस्थांची नावे संक्षिप्त केली जातात. तथापि पदवीपुढील कंसात किंवा कार्यालयीन टिपणीत सोयीसाठी केलेला संक्षेप म्हणजे आद्याक्षरनाम नव्हे. मूळ शब्द आठवण्याची गरज न पडता केवळ अक्षरे ऐकून संस्था डोळ्यांपुढे उभी राहू लागली, म्हणजे त्या अक्षरांस नावाची योग्यता आली असे म्हणता येते. ‘एस.एन.डी.टी.’ मधील ‘डी’ कशाचा, हे त्या विद्यापीठाच्या अनेक पदवीधरांनाही चटकन सांगता येत नाही, आणि तरीही त्या नावाने कोणाचाही घोटाळा होत नाही.

उच्चाराच्या दृष्टीने या नावांचे प्रकार भिन्न आहेत. बहुतेक नावांत अक्षरे सुटी उच्चारली जातात. काही ठिकाणी ती जुळून एक शब्दच बनतो. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठास तेथील लोक ‘उनाम’ म्हणतात. त्यातील ‘आ’ हे अक्षर त्या विद्यापीठाने १९२९ मध्ये मिळविलेल्या स्वायत्ततेचे निदर्शक आहे. लंडनमधील प्राच्य व आफ्रिकी विद्यांची संस्था ‘सोआस’ या उच्चाराने ओळखली जाते. चिनी व जपानी या भाषांत वर्णमालेऐवजी चित्राक्षरांतून संक्षेप होतो. टोकिओ विद्यापीठ म्हणजे ‘टोकिओ दायगाकू’. त्यातील एकेक अक्षर घेऊन ‘तोदाय’ हे नाव झाले. पीकिंग विद्यापीठ त्याच रीतीने ‘बेइदा’ झाले. अशा संक्षेपात ‘पूर्व’, ‘उत्तर’, ‘मोठे’ यांसारखे अर्थ शिल्लक राहतात. रोमन अक्षरांच्या संक्षेपात अर्थ समूळ नाहीसा होतो. हा भेद पुढे मराठीच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

लांबलचक नाव हेच आद्याक्षरनामाचे कारण, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु तो अपुरा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कायदेशीर नाव ‘ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कुलपती, आचार्य व विद्यार्थी’ अशा अर्थाचे एक भलेमोठे वाक्यखंड आहे. हार्व्हर्डची कायदेशीर ओळखही ‘हार्व्हर्ड महाविद्यालयाचे अध्यक्ष व अधिछात्र’ अशीच आहे. या दोन्ही संस्थांस कोणी आद्याक्षरांनी संबोधीत नाही, कारण त्या लांब नावात दुसऱ्या कोणा विद्यापीठाचा सहज हक्क नसलेला एक शब्द आहे आणि तेवढा उच्चारला की काम भागते. बोलोन्या, हायड्लबर्ग, येल, प्रिन्स्टन यांचीही गोष्ट तीच. याउलट ज्या नावातील प्रत्येक शब्द इतर संस्थांनीही वापरलेला असतो, त्या नावाचा एखादा तुकडा तोडून चालत नाही. सगळी मालिकाच घ्यावी लागते, आणि सगळी घ्यावयाची तर ती अक्षरांतच मावते. एका शब्दावर निर्विवाद मालकी नसणे हे आद्याक्षरनामाचे खरे कारण होय. लांबी ही त्यास केवळ साहाय्यभूत ठरते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या या राज्य विद्यापीठाची आज दहा स्वतंत्र केंद्रे आहेत आणि सर्वांची नावे एकाच साच्याची आहेत : आधी ‘कॅलिफोर्निया विद्यापीठ’ आणि नंतर गावाचे नाव. मूळ केंद्र बर्कली या लहान गावी आहे. त्या गावाची जगातील ख्याती मुख्यत्वे विद्यापीठामुळेच असल्याने ‘बर्कली’ म्हटले की विद्यापीठच समजले जाते. डेव्हिसचेही तसेच. लॉस अँजेल्स येथील केंद्राची सुरुवात १८८२ मध्ये उघडलेल्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेतून झाली. १९१९ मध्ये ती शाळा विद्यापीठाची ‘दक्षिण शाखा’ बनली आणि १९२७ मध्ये तिला ‘कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस अँजेल्स’ हे नाव मिळाले. तथापि त्या महानगरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ हे खाजगी विद्यापीठ १८८० पासून नांदत होते. ‘कॅलिफोर्निया’ म्हणावे तर बर्कलीकरांचा अधिकार. ‘लॉस अँजेल्स’ म्हणावे तर शेजाऱ्याचाही तेवढाच हक्क. या कोंडीतून ‘यू.सी.एल.ए.’ हे नाव निघाले, आणि शेजारी विद्यापीठही ‘यू.एस.सी.’ झाले. सॅन फ्रॅन्सिस्को आणि सॅन डिएगो या शहरांतही त्या त्या शहराचे नाव धारण करणारी इतर विद्यापीठे असल्यामुळे तेथील केंद्रे मुख्यतः अक्षरांनी ओळखली जातात. सँता बार्बरा व सँता क्रूझ येथे गावाचे नाव आणि अक्षरे असे दोन्ही प्रघात आढळतात, तेव्हा हा नियम गणिती काटेकोरपणाचा नाही. अमेरिकेत अशा नावांच्या प्रसारास वृत्तपत्रांचे मथळे आणि खेळाडूंच्या अंगरख्यांवरील अक्षरे यांनीही मोठा हातभार लावला.

लंडनमध्ये हीच अडचण वेगळ्या मार्गाने उद्‌भवली. १८२६ मध्ये तेथे ‘लंडन विद्यापीठ’ या नावाने एक संस्था निघाली. धर्मपंथाची अट न घालता प्रवेश देणे हे तिचे वैशिष्ट्य होते. प्रतिस्पर्धी म्हणून १८२९ मध्ये किंग्ज कॉलेज स्थापन झाले. १८३६ मध्ये शासनाने दोहोंच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेण्यासाठी एक नवे मंडळ निर्माण केले आणि ‘लंडन विद्यापीठ’ हे नाव त्यास दिले. जुन्या संस्थेचे मूळ नाव अशा रीतीने गेले आणि तिच्या वाट्यास ‘युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन’ हे नाव आले. या नावातील तिन्ही शब्द सामान्य आहेत. तेच पुढे ‘यू.सी.एल.’ झाले आणि २००५ पासून संस्थेने आपल्या प्रसिद्धीसाठी ही अक्षरेच मुख्य नाव म्हणून वापरण्यास प्रारंभ केला. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही १८५७ ची भारतीय विद्यापीठे १८३६ च्या याच परीक्षक विद्यापीठाच्या धर्तीवर घडविली गेली, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. मात्र आपापल्या शहरात ती दीर्घकाळ एकटीच असल्याने त्यांना आद्याक्षरांची गरज पडली नाही. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पोलिटिकल सायन्स’ ही संस्था १८९५ मध्ये सिडनी व बिअट्रिस वेब, ग्रॅहॅम वॉलस आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या पुढाकाराने निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२१ मध्ये एम्.एस्‌सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. या पदव्या तेथील अध्ययनातून मिळविल्यामुळे ‘लंडन स्कूल’ हे तिचे अर्धे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. लंडनमध्ये मात्र ते अर्धे नाव निरुपयोगी असल्याने तेथे ‘एल.एस.ई.’ हेच चालते.

तंत्रविद्येच्या संस्थांत आद्याक्षरनामांचे प्रमाण विशेष आहे. त्यांच्या नावात ‘तंत्रविद्या’ आणि ‘संस्था’ हे दोन जातिवाचक शब्द असतात आणि त्यांस बहुधा प्रांताचे किंवा राष्ट्राचे नाव जोडलेले असते. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेस १८६१ मध्ये सनद मिळाली. प्रथम ती बॉस्टन शहरात होती आणि त्या काळात लोक तिला ‘बॉस्टन टेक’ म्हणत. १९१६ मध्ये ती चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिज येथे गेली. शहराचे नाव आता लागू पडेना आणि केंब्रिज हे नाव विद्येच्या जगात आधीच दुसऱ्याचे होते, त्यामुळे ‘एम.आय.टी.’ ही अक्षरे दृढ झाली. कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेने मात्र अक्षरांऐवजी शब्दांचे तुकडे जोडून ‘कॅलटेक’ हे नाव घेतले. झुरिक येथील स्वित्झर्लंडची संघीय तंत्रविद्या संस्था १८५५ मध्ये सुरू झाली. आइन्स्टाइन तेथे विद्यार्थी असताना (१८९६–१९००) ती ‘पॉलिटेक्निक’ म्हणून ओळखली जाई आणि ‘ई.टी.एच.’ ज्यावरून आले ते नाव तिला १९११ मध्ये लाभले. झुरिक शहराचे स्वतंत्र विद्यापीठ १८३३ पासून असल्याने नुसते ‘झुरिक’ म्हणणे तिला शक्यच नव्हते.

भाषाभेदामुळे आद्याक्षरे अपरिहार्य झाल्याचे लक्षणीय उदाहरण बेल्जियममध्ये आढळते. ब्रूसेल्स येथे १८३४ मध्ये चर्चच्या नियंत्रणापासून मुक्त असे विद्यापीठ स्थापन झाले. १९६९-७० मध्ये त्याचे फ्रेंच व डच या भाषांनुसार दोन भाग झाले आणि दोघांनीही जुने नाव आपापल्या भाषेत कायम ठेवले. परिणामी त्यांच्या नावांचे तिसऱ्या कोणत्याही भाषेत भाषांतर केल्यास ती नावे एकरूप होतात. फ्रेंच विद्यापीठाचे ‘यू.एल.बी.’ आणि डच विद्यापीठाचे ‘व्ही.यू.बी.’ या अक्षरांनीच परकीयांस ती वेगळी ओळखता येतात. भाषांतराने जो भेद पुसला जातो, तो अक्षरे राखतात. लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठाचेही १९६८ मध्ये याच कारणावरून विभाजन झाले. त्यातील फ्रेंच विद्यापीठ ‘यू.सी.एल.’ अशी अक्षरे लावीत असे. लंडनच्या संस्थेचीही तीच अक्षरे. २०१८ पासून बेल्जियमच्या विद्यापीठाने शेवटच्या अक्षराच्या जागी गावाचे पूर्ण नाव घेऊन ‘यू.सी. लूव्हाँ’ हे रूप स्वीकारले. अक्षरांवरील मालकीही निर्विवाद राहिली नाही की नावास पुन्हा शब्दांकडे वळावे लागते, असे यावरून दिसते. मात्र असे वळणे विरळाच. ‘एम.आय.टी.’ ही अक्षरे मद्रास, मणिपाल आणि पुणे येथील संस्थाही लावतात. एकाच अक्षरसमूहाचा अर्थ पुण्यात कोथरूडचा, चेन्नईत क्रोमपेटचा आणि अन्यत्र मॅसॅचूसेट्सचा होतो. आद्याक्षरनाम हे मुळात ओळखीच्या माणसांतले नाव असल्याने ऐकणारा कोठला आहे यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो.

भारतात या पद्धतीचे मूळ उच्च शिक्षणाच्या इंग्रजी कारभारात आहे. बी.ए., एम.ए. या पदव्याच अक्षरांच्या स्वरूपात आल्या आणि नावापुढे अक्षरे लावण्याची सवय त्यांनी सुशिक्षितांस लावली. सर सय्यद अहमदखान यांनी अलीगढ येथे स्थापिलेले मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज एकोणिसाव्या शतकातच ‘एम.ए.ओ. कॉलेज’ म्हणून प्रसिद्ध होते. १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाल्यावर ‘ए.एम.यू.’ ही नवी अक्षरे आली. बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ रोजी बसविण्यात आली. त्याचे हिंदी नाव ‘काशी हिंदू विश्वविद्यालय’ असे आहे. परंतु हिंदी भाषकांच्या तोंडीही ‘बी.एच.यू.’ हीच इंग्रजी अक्षरे बसली आहेत. काशी विद्यापीठ आणि संस्कृत विद्यापीठ ही त्याच नगरातील अन्य विद्यापीठे असल्याने केवळ नगराच्या नावाने त्याचा बोध झाला नसता. दिल्लीतील उदाहरण याहून बोलके आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा अधिनियम १९६६ चा आणि कार्यारंभ १९६९ चा. नेहरूंचे नाव धारण करणाऱ्या संस्था देशभर असल्याने ‘नेहरू विद्यापीठ’ हे रूप रुजले नाही आणि ‘जे.एन.यू.’ रूढ झाले. त्याच शहरातील ‘जामिया मिल्लिया इस्लामिया’ या तीन शब्दांच्या विद्यापीठास मात्र सारे ‘जामिया’ म्हणतात. वस्तुतः अरबीत ‘जामिया’ म्हणजे विद्यापीठच. तरीही दिल्लीच्या बोलीत तो शब्द दुसऱ्या कोणी घेतलेला नसल्यामुळे तेवढ्याने ओळख पटते आणि अक्षरांचे काम पडत नाही.

भारतीय तंत्रविद्या संस्थांच्या बाबतीत आद्याक्षरांनी आणखी एक पायरी गाठली. खरगपूर (१९५१), मुंबई (१९५८), मद्रास व कानपूर (१९५९) आणि दिल्ली (१९६१) येथील पहिल्या पाच संस्थांमुळे ‘आय.आय.टी.’ हे एका संस्थेचे नाव न राहता संस्थांच्या एका जातीचे नाव झाले. तांत्रिकदृष्ट्या त्या विद्यापीठे नसून संसदेच्या अधिनियमाने पदव्या देणाऱ्या संस्था आहेत. पण नावाच्या विचारात हा भेद गौण ठरतो. ‘आय.आय.टी.’ला मराठीत सरळ विभक्तिप्रत्यय लागतात, हे शब्द म्हणून ते रुळल्याचे लक्षण होय. पवईच्या संस्थेच्या इंग्रजी नावात शहराचे जुने नाव ‘बाँबे’ अद्याप टिकून आहे.

अक्षरांची परंपरा मराठीला परकी नाही. ‘वि. स. खांडेकर’, ‘चिं. वि. जोशी’, ‘धों. के. कर्वे’ अशी नावे लिहिण्याचा प्रघात मराठीत इतका दृढ आहे की पुष्कळ लेखकांची पूर्ण नावे वाचकांस ठाऊकच नसतात. या पद्धतीत इंग्रजी वर्णांऐवजी मात्रांसह मराठी अक्षर घेतले जाते आणि स्वतःचे व वडिलांचे नाव आकसले तरी आडनाव सुरक्षित राहते, ‘पु. ल.’सारख्या ज्या थोड्या नावांत आडनावही गळले, तेथे ते जवळीक म्हणून गळले. संस्थांपैकी महाराष्ट्र साहित्य परिषदेचे ‘मसाप’ हे रूप याच वळणाचे आहे. विद्यापीठांच्या बाबतीत मात्र मराठी अक्षरे लिहिण्यापुरती राहिली. नासिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा (स्थापना १९८९) ‘य. च. म. मु. वि.’ असा संक्षेप कागदोपत्री आढळतो. उच्चारात तो जड जातो आणि ‘मुक्त विद्यापीठ’ हे जातिवाचक नावच तेथे विशेषनामासारखे वापरले जाते. राज्यात त्या प्रकारचे ते एकमेव असल्यामुळेच हे शक्य झाले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचा इतिहास या संदर्भात विस्ताराने पाहण्यासारखा आहे. टोकिओतील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका वाचून कर्वे यांना ही कल्पना सुचली आणि १९१६ मध्ये ‘भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणे हे त्याचे मुख्य तत्त्व होते आणि त्या काळात ते धाडसाचे होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात आले. ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी’ हे संपूर्ण नाव, आदरार्थी उपपदासह, शीर्षस्थानी आले. पुढे १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य केंद्र पुण्याहून मुंबईस गेले आणि १९५१ मध्ये त्यास विधिमान्य विद्यापीठाचा दर्जा लाभला. या नावाचे ‘एस.एन.डी.टी.’ झाले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. या चार अक्षरांत ‘महिला’ नाही, ‘विद्यापीठ’ही नाही, चारही अक्षरे व्यक्तिनामाची आहेत, आणि त्यांतही पहिले अक्षर नावाचे नसून ‘श्रीमती’चे आहे. व्यक्तीच्या संक्षेपात जे आडनाव टिकते, तेही येथे टिकले नाही. मातृभाषेसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचे नाव महाराष्ट्रातील स्त्रियांच्या तीन-चार पिढ्यांनी इंग्रजी अक्षरांत उच्चारले. ‘श्री. ना. दा. ठा.’ हे मराठी रूप मुद्रणात आढळते, पण ते डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. असे असले तरी ‘एस.एन.डी.टी.त शिकलेली’ या शब्दप्रयोगाने मराठी घरांत जी प्रतिष्ठा मिळविली, ती पूर्ण नावानेही अधिक मिळाली असती असे नाही. देणगीदाराच्या मातेचे नाव मात्र तीत विरून गेले.

अक्षरे एकदा रुजली की ती मूळ शब्दांहून दीर्घायुषी ठरतात. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून मुंबईत १८८७ मध्ये ‘व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. १९९७ मध्ये तिचे नामांतर झाले, तेव्हा ‘वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ हे नाव योजण्यात आले. राणी गेली, जिजाबाई आल्या, ‘व्ही.जे.टी.आय.’ जागच्या जागी राहिले. येथे शब्दांवरून अक्षरे न येता अक्षरांवरून शब्द शोधले गेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कथा याच्याही पुढची. १८५४ मध्ये सुरू झालेली ही संस्था ‘सी.ओ.ई.पी.’ या अक्षरांनी सर्वतोमुखी होती. २०२२ मध्ये राज्य शासनाच्या अधिनियमाने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तो ‘सी.ओ.ई.पी. टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी’ या नावाने. यातील ‘सी’ महाविद्यालयाचा आणि ‘पी’ इंग्रजी अमदानीतील ‘पूना’चा, म्हणजे विद्यापीठाच्या कायदेशीर नावातच ते महाविद्यालय असल्याचा उल्लेख राहून गेला. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या कृषी व यांत्रिकी महाविद्यालयाने (१८७६) १९६३ मध्ये विद्यापीठ होताना ‘टेक्सस ए अँड एम’ असे नाव घेतले आणि या अक्षरांस आता कोणताही विस्तार नाही, असे ठरविले. पुण्यातील उदाहरण त्याच जातीचे आहे.

गौरवार्थ दिलेल्या नावांच्या बाबतीत हा विषय केवळ सोयीचा राहत नाही. मॉस्को राज्य विद्यापीठास १९४० मध्ये लमनॉसफ या शास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले, पण ‘एम.जी.यू.’ या रशियन अक्षरांत लमनॉसफला मुळीच जागा नाही. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ (१९४९) ‘एम.एस. युनिव्हर्सिटी’ म्हणून ओळखले जाते आणि त्यात ‘महाराजा’ या पदवीस जेवढे स्थान आहे तेवढेच सयाजीरावांस आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नास जी तीव्रता आहे ती अन्यत्र क्वचितच आढळेल. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्याविरुद्ध मराठवाड्यात उसळलेल्या हिंसाचारात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. त्यानंतर मोर्चे, लाँग मार्च, सत्याग्रह आणि कारावास यांनी भरलेली सोळा वर्षे लोटल्यावर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ज्या नावासाठी लोकांनी प्राण दिले, त्याचे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बामू’ हे रूप विद्यार्थ्यांत आणि वृत्तपत्रांत रूढ झाले. श्रीमती नाथीबाईंच्या नावात उपपदाचे अक्षर टिकले, येथे ‘डॉ.’ गळले. यामागे अनादर असतो असे मानण्याचे कारण नाही. पाच शब्दांचे नाव दिवसातून अनेकदा उच्चारणाऱ्याची जीभ आपला मार्ग शोधते इतकेच. परंतु नावासाठी झालेल्या संघर्षाचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या कानांस हा संक्षेप खटकतो, आणि हे खटकणेही रास्त आहे.

त्यानंतरच्या काळात राज्यातील जुन्या विद्यापीठांची नावे एकामागून एक वाढत गेली. नागपूर विद्यापीठ (१९२३) २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. पुणे विद्यापीठास (१९४९) २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे आणि सोलापूर विद्यापीठास २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव जोडले गेले. यातील प्रत्येक नावात मूळ स्थलनाम किंवा प्रदेशनाम कायम ठेवून गौरवनाम पुढे लावले आहे. त्याचे दोन परिणाम झाले. कागदावर ‘एस.पी.पी.यू.’, ‘आर.टी.एम.एन.यू.’, ‘के.बी.सी.एन.एम.यू.’ अशी अक्षरांची लांबच लांब साखळी आली. बोलण्यात मात्र लोक ‘पुणे विद्यापीठ’, ‘नागपूर विद्यापीठ’ असेच म्हणत राहिले. पाचसहा अक्षरांची साखळी आद्याक्षरनाम म्हणून टिकणे कठीण असते, कारण ती उच्चारण्यास मूळ स्थलनामाहून अधिक वेळ लागतो.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२) या सर्वांस अपवाद आहे. त्याच्या नावात पदवी नाही, गावही नाही; दोन शब्दांच्या या नावास संक्षेपाची गरजच नसते. नावात ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ हे शब्द घालावेत, अशी मागणी वेळोवेळी झाली आहे आणि एकेरी वाटणारे नाव खटकणाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. २०२५ मध्ये या मागणीसाठी कोल्हापुरात मोर्चा निघाला, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा आद्याक्षरांचाच होता : नाव वाढविल्यास ते ‘सी.एस.एम.यू.’ होईल आणि जो ‘शिवाजी’ हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे तोच नाहीसा होईल. दाखल्यासाठी त्यांस दूर जावे लागले नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले ते ‘सी.एस.टी.’ म्हणून, आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आल्यावर एक अक्षर वाढून ‘सी.एस.एम.टी.’ म्हणून लोकलच्या फलकांवर झळकू लागले.